उपाध्यांची पंधरा पळं

साऱ्या मुंबई इलाख्यात मोटरसायकलच्या कार्बुरेटरचा रोग नुसता हुंगून सांगणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो आमच्या घरी दर श्रावणात सत्यनारायण सांगायला यायचा. हे वाक्य मी विचार करून लिहिलं आहे आणि त्यातला एक शब्दही मागे घ्यायला तयार नाही. पुण्यामुंबईला मोठमोठे मेस्त्री असतील, त्यांच्या दुकानांवर इंग्रजी पाट्या असतील, त्यांच्या हाताखाली दहा-दहा माणसं असतील. असोत बापडे. पण कमरेला पंचा, कपाळाला गंध, शेंडीला घट्ट गाठ आणि नखांत पळीपंचपात्री घासूनही न निघणारा काळा चिकटा, असा मेस्त्री फक्त रत्नागिरीत होता आणि तो आमच्या घराचा उपाध्या होता. मी कोर्टात कारकून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भांडणांच्या नकला केल्या. अभिमान धरावा असं माझ्या हातून फारसं काही झालं नाही, म्हणून मी तो उपाध्यांचा धरतो.

मोटरसायकल उपाध्यांनी विकत घेतली नव्हती. ती त्यांना दान मिळाली होती. एका बागायतदाराचा मुलगा लढाईत बसऱ्याला जाऊन आला तो ही विलायती गाडी बोटीवर घालून घेऊन आला, आणि पहिल्याच आठवड्यात जांभ्या दगडाच्या गडग्यावर आपटून पाय मोडून बसला. पत्रिकेत पाहिलं तर साडेसाती. त्याच्या आईने पदर पसरून उपाध्यांना विचारलं, शनीला काय दान देऊ? उपाध्ये शास्त्राप्रमाणे सांगू लागले, लोखंड द्यावं, तेल द्यावं, काळी वस्तू द्यावी. सांगता सांगता त्यांची नजर अंगणात आडव्या पडलेल्या गाडीकडे गेली. लोखंड तर होतंच, तेल गळतच होतं, आणि रंग काळा कुळकुळीत. शनीचं दान घ्यायला भले भले भिक्षुक कचरतात. उपाध्यांनी त्याच पावली उदक सोडवून घेतलं आणि चार गड्यांकरवी गाडी घरी आणली. पुढे कोणी छेडलं की म्हणत, "अहो, बाकीचे लोक शनीला भिऊन असतात. मी त्याच्या पाठीवर बसतो. तो काय करणार आहे मला?"

गाडी त्या वेळीच जुनी होती. एकच सिलिंडर, चाक फिरवायला चामड्याचा पट्टा, आणि उजव्या मुठीपाशी दोन दांड्या. एका दांडीने पेट्रोल कमीजास्त व्हायचं, दुसरीने हवा. आजच्या गाड्यांसारखं आपोआप काही नाही, चालवणाऱ्याने चढ पाहून, उतार पाहून, ऊन पाहून दोन्हींचा मेळ घालत राहायचं. उपाध्यांनी पहिल्या दांडीचं नाव अन्न आणि दुसरीचं नाव प्राण ठेवलं होतं. इंजिनाने काळा धूर टाकला की अन्न जास्त झालं. कार्बुरेटरमधून शिंकल्यासारखा फाट् आवाज आला की प्राण जास्त झाला, अन्न कमी पडलं. "माणसाचंही तेच आहे अण्णा," ते मला सांगत, "पण माणसाला दांड्या नाहीत, नाहीतर मी तुमचं पोटदेखील लावून दिलं असतं." माझ्या पोटाचा विषय त्यांना फार प्रिय होता.

गाडीचा वेग मोजायचं यंत्र गाडीवर नव्हतं आणि उपाध्यांना ते नकोही होतं. ते चालवताना रुद्र म्हणायचे. रत्नागिरी ते हातखंबा म्हणजे रुद्राचं एक आवर्तन. आवर्तन हातखंब्याच्या आधी संपलं तर समजायचं गाडीला काहीतरी झालंय. किती आधी संपलं त्यावरून काय झालंय तेही ते सांगत. एकदा शेवटचा मंत्र संपला तेव्हा हातखंबा अजून मैलभर लांब होता. त्यांनी तिथेच गाडी थांबवली, प्लग काढला, नाकाशी धरला आणि म्हणाले, "काजळी. प्राणाच्या वाटेत काहीतरी आडवं आलंय." उघडून पाहिलं तर हवेच्या तोंडाशी एक आख्खं सागाचं पान चिकटलेलं. मी पाठीमागच्या कॅरिअरवर बसलेला होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सोवळ्याच्या बाबतीत ते कडक होते, फक्त त्यांचं सोवळं थोडं निराळ्या दिशेने गेलं होतं. पेट्रोल त्या वेळी डब्यातून यायचं आणि त्यात गंज, माती, कधीकधी पाणीसुद्धा असायचं. धोतराच्या फडक्याने गाळलं तर सुताचे तंतू सुटून कार्बुरेटरात जातात. रेशमाला तंतू सुटत नाहीत. हा शोध लागल्यावर उपाध्यांनी आपला पूजेचा रेशमी मुकटा, जो नेसून ते देवाला नैवेद्य दाखवायचे तो, पेट्रोल गाळायला काढला. त्यांच्या कुटुंबाने त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. "देवापुढे उभे राहता तर सगळ्या घराला रॉकेलचा वास येतो," त्या म्हणाल्या. "रॉकेल नव्हे, पेट्रोल," उपाध्ये म्हणाले. दुसऱ्या दिवशीही स्वयंपाक झाला नाही. शेवटी मुकट्याचे दोन तुकडे करून तह झाला, आणि मोठा तुकडा गाडीकडे गेला. शनिवारी मात्र गाडी जागची हलायची नाही. त्या दिवशी उपाध्ये मारुतीला तेल घालून यायचे, उरलेलं गाडीच्या सांध्यांना घालायचे, आणि कार्बुरेटर उघडून ताटात मांडून बसायचे.

आता त्यांचा खरा धर्म सांगतो. कार्बुरेटरात पेट्रोल जाण्यासाठी पितळेची एक इवलीशी नळी असते, तिला जेट म्हणतात. तिचं भोक केसाएवढं. कचरा अडकला की सगळे लोक काय करतात? तार घालतात. एकदा बांधकाम खात्याचे एक ओव्हरसियर आपली नवीकोरी मोटरसायकल ढकलत उपाध्यांकडे आले. गाडी पेट्रोल पिते फार आणि चालते कमी, अशी तक्रार. उपाध्यांनी जेट काढून उजेडाकडे धरला, आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. "तार कोणी घातलीन यात?" ओव्हरसियर म्हणाले, मीच, टोपीची पिन होती. "डोळ्यात कचरा गेला तर बोरू घालून काढता काय हो तुम्ही?" उपाध्ये गरजले. तो एवढा साहेबी टोपीचा माणूस, पण मान खाली घालून ऐकत राहिला. उपाध्ये स्वतः जेट साफ करायचे ते दर्भाच्या टोकाने. दर्भ टोकदार असतो, पण पितळेपुढे मऊ. कचरा निघतो आणि भोक जसंच्या तसं राहतं. श्राद्धाला गेले की दर्भाची एक जुडी जास्त आणायचे, आणि ती सरळ हत्यारांच्या पेटीत पडायची.

या तारेच्या रागामागे एक घराणं होतं. उपाध्यांकडे पिढीजात घटिकापात्र होतं. पूर्वी लग्नाचा मुहूर्त त्यावर धरत. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी, पाण्यावर सोडली की भोकातून पाणी वर येत येत बरोबर एका घटिकेत, म्हणजे साठ पळांत, हल्लीच्या चोवीस मिनिटांत, ती बुडते. बुडाली की अक्षता. उपाध्यांच्या वडिलांनी तरुणपणी एकदा भोक साफ करायला त्यात तार घातली आणि भोक मोठं झालं. पात्र पंचेचाळीस पळांतच बुडू लागलं. हे कळेपर्यंत अख्खा एक हंगाम निघून गेला. "त्या साली आमच्या हातून लागलेल्या जोड्यांची भांडणं अजून मिटलेली नाहीत," उपाध्ये म्हणत. मग त्यांच्या आजोबांनी भोकात लाख भरली, ती मऊ असताना तिच्यातून दर्भाची काडी ओढली, आणि महिनाभर रोज उन्हात काठी रोवून, सावलीशी ताडून पाहत, ते भोक पुन्हा साठ पळांवर आणलं. नातवाने ते सगळं जवळ बसून पाहिलं होतं. त्या लाखेला उपाध्ये नमस्कार करायचे. तांब्याला नव्हे, लाखेला.

आमच्या मथूचं लग्न ठरलं ते देवरूखला. मथू माझी थोरली. तिची एक सोयरीक आधी ठरून, साखरपुडा होऊन मोडली होती, आणि आमच्या आळीत त्यावर जे बोललं जायचं ते मी इथे लिहीत नाही. हे दुसरं स्थळ चांगलं होतं, पण मुलाचे आजोबा कर्मठ. ते अंथरुणाला खिळलेले, म्हणून लग्न त्यांच्या घरी व्हायचं होतं. घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. घटिका मांडूनच लग्न लागेल असं त्यांनी बजावलं होतं, आणि मुहूर्त चुकला तर अक्षता पडणार नाहीत. पुढे लगेच सिंहस्थ लागत होता, म्हणजे वर्षभर लग्न नाही. वर्षभर थांबलेलं स्थळ परत येतं का, हे मला चांगलं ठाऊक होतं.

बायकामंडळी दोन दिवस आधी बैलगाड्यांनी पुढे गेली. मला कोर्टात साहेबांच्या तपासणीमुळे रजा मिळेना, आणि उपाध्यांना लग्नाच्याच दिवशी पहाटे रत्नागिरीत एक मुंज लावायची होती. तेव्हा आम्ही दोघे मोटरसायकलने निघून साडेदहा-अकरापर्यंत पोचायचं, मुहूर्त साडेबाराच्या सुमाराचा, असं ठरलं. आमची मंडळी, म्हणजे मथूची आई, गाडीत चढताना म्हणाली, "कन्यादान करणारा, लग्न लावणारा आणि घटिका, तिन्ही त्या शनीच्या पाठीवर?" मी हसण्यावारी नेलं. माझं नेहमी असंच होतं.

साडेआठला निघालो. घटिकापात्र पंच्यात गुंडाळून माझ्या मांडीवर. हातखंब्याला रुद्र अगदी वेळेवर संपला आणि उपाध्यांनी मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं की जणू हातखंबा त्यांनीच तिथे नेऊन ठेवला होता. निवळीच्या घाटात मात्र गाडीने काळा धूर सोडायला सुरुवात केली. उपाध्यांनी अन्न कमी केलं, प्राण वाढवला. धूर तसाच. मग गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली. खाली पाहिलं तर कार्बुरेटरमधून पेट्रोल टपटप गळत होतं.

घाटात गाडीवानांची बैल सोडायची जागा होती. एका म्हाताऱ्या गाडीवानाने चूल पेटवून भाताचं आधण ठेवलं होतं. तो उठून आला. "काय वो भटजीनू, बैल बसला वाटतं तुमचा?"

"बसला नाही, जास्त जेवला," उपाध्ये म्हणाले, आणि रस्त्यावरच मांडी ठोकून त्यांनी कार्बुरेटर उघडला. जेट पाहिला, साफ. सुई पाहिली, ठीक. कार्बुरेटरच्या पोटात पितळेची एक पोकळ डबी असते, तिला फ्लोट म्हणतात. पेट्रोल आलं की ती तरंगत वर येते आणि पेट्रोलची वाट बंद करते. उपाध्यांनी ती डबी काढून कानाशी धरून हलवली. आत खुळखुळ वाजलं. त्यांनी डोळे मिटले.

"अण्णा, हिला भोक पडलंय. पेट्रोल पिऊन बसलीन शिंची. तरंगायच्या ऐवजी बुडतेय." मग ते मोठ्याने हसले. "अहो, हिचं घटिकापात्र झालंय!"

मला हसू येईना. उन्हाकडे पाहत होतो. माझ्या डोळ्यांपुढे मथू उभी होती, पिवळी साडी नेसलेली, आणि दारात कोणी येत नाही.

उपाध्यांनी गाडीवानाकडून उकळत्या पाण्याचा टोप घेतला, चुलीपासून लांब आणला आणि डबी त्यात बुडवली. डबीतलं पेट्रोल तापून बुडबुडे करत बाहेर येऊ लागलं, आणि बुडबुडे जिथून निघत होते तिथे भोक. सुईच्या टोकाएवढं. त्यांनी नखाने खूण केली. डबी पुरती रिकामी व्हायला पाऊण तास लागला, तोवर ते काठाशी बसून बुडबुडे पाहत होते, लग्नात पात्राकडे पाहतात तसेच. भोक सापडलं, पण बुजवायचं कशाने? डिंक पेट्रोलात टिकत नाही, मेण विरघळतं. गाडीवानाने गुळाचा खडा पुढे केला, बिचारा.

"लाख लागेल," उपाध्ये म्हणाले, आणि माझ्या मांडीवरच्या पंच्याकडे त्यांनी पाहिलं.

मी पंचा छातीशी धरला. "उपाध्ये, नको. तुमच्या आजोबांची आहे ती. आणि मग लग्नाला पात्र कसं चालेल?"

"आधी लग्नाला पोचू तर खरं," ते म्हणाले. "कसं बुडायचं ते पात्राला मी सांगेन." त्यांनी हात पुढे केला. मी दिलं. त्यांनी पात्र कपाळाला लावलं, चाकूच्या टोकाने ती लाख खरवडून काढली, एकच तुकडा निघाला, मसुराएवढा. काडीच्या टोकावर धरून निखाऱ्यावर मऊ केला आणि दूर ठेवलेल्या कोरड्या डबीच्या भोकावर दाबला. हात जरासुद्धा हलला नाही. मग पाठ फिरवून पंच्याने तोंड पुसलं. धूर लागला म्हणाले.

डबी बसवताना सांगून ठेवलं, "लाखेने ही थोडी जड झालीय. पेट्रोल केसभर वर चढेल. प्राण थोडा जास्त द्यायला हवा." आणि खरंच, पहिल्या लाथेला गाडी सुरू झाली, हवेची दांडी नेहमीपेक्षा बोटभर पुढे, आणि धूर नाही. गाडीवान म्हणाला, "भटजीनू, तुमी आमच्या बैलांक पन बगा एकदा." देवरूखपर्यंत उपाध्ये रुद्र म्हणाले नाहीत. काय म्हणत होते ते वाऱ्यात मला ऐकू आलं नाही.

बाराला थोडा वेळ असताना आम्ही मांडवात शिरलो, दोघे तांबड्या धुळीने माखलेले. आमच्या मंडळीने माझ्याकडे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही. उपाध्यांनी विहिरीवर चार घागरी ओतून घेतल्या, अंगणात काठी रोवली आणि मुहूर्ताच्या एक घटिका आधी सावली जिथे येईल तिथे रेघ मारली. सावली रेघेवर आली की पात्र सोडायचं, आणि पात्र बुडालं की अक्षता. आजोबांची बाज ओटीवर आणून ठेवली होती आणि त्यांचे डोळे सावलीवर होते.

सावली रेघेवर आली. उपाध्ये पात्र हातात धरून, डोळे मिटून बसले.

"पात्र सोडा!" आजोबा ओरडले. "रेघेवर आलीय सावली!"

लाख गेलेलं पात्र पंधरा पळं आधी बुडणार, हे त्या मांडवात फक्त दोघांना ठाऊक होतं. उपाध्ये डोळे न उघडता शांतपणे म्हणाले, "आजोबा, पात्र आज उतावळं आहे. थोडं उशिरा सोडलं म्हणजे वेळेवर पोचेल." त्यांची छाती हळूहळू वरखाली होत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ते श्वास मोजत होते. सहा श्वासांचं एक पळ. पंधरा पळं म्हणजे नव्वद श्वास. ज्या माणसाने सकाळपासून एवढी यातायात केली होती, तो आमच्या मथूसाठी आपला श्वास तोलून धरून बसला होता. नव्वदाव्या श्वासाला त्यांनी पात्र पाण्यावर सोडलं.

पात्र बुडालं तेव्हा मी आजोबांकडे पाहत होतो. त्यांनी पांघरुणाखालून हळूच एक खिशातलं घड्याळ काढलं, तेच, ज्यावर त्यांचा विश्वास नव्हता. पाहिलं, परत आत ठेवलं आणि म्हणाले, "टाका अक्षता." अंतरपाट खाली आला. उपाध्यांच्या मंगलाष्टकांना त्या दिवशी पेट्रोलचा वास होता. मथू अजून म्हणते, पेट्रोलचा वास आला की मला लग्न आठवतं.

नंतर मी किती वेळा म्हटलं, उपाध्ये, पात्राला पुन्हा लाख लावून घ्या. ते म्हणायचे, "लाख मिळेल हो, माझ्या आजोबांचा तो महिना कुठून आणू?" फ्लोटही त्यांनी कधी बदलला नाही. पुढची सगळी लग्नं त्यांनी नव्वद श्वास थांबूनच लावली, आणि एकही चुकलं नाही, हे मी कोर्टात शपथेवर सांगेन. मग हळूहळू घरोघरी घड्याळं आली, घटिका कोणी मांडीना. उतारूंच्या सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या. उपाध्यांना दम लागू लागला, गाडीला लाथ मारवेना. ती केळशीच्या एका बागायतदाराने नेली. इंजिन माडांना पाणी उपसायच्या पंपाला लावलंय म्हणे, आणि अजून चालतं. ते गेले त्याआधी एक दिवस त्यांनी मला बोलावून पंच्यात गुंडाळलेलं पात्र दिलं. म्हणाले, "अण्णा, यात तार घालू नका." एवढंच.

मथूच्या लग्नाच्या तिथीला मी दर वर्षी घंगाळात पाणी घेऊन ते पात्र सोडतो. ते लवकर बुडतं. पाहणारे सांगतात, तांबटाकडे नेऊन भोक नीट करून घ्या. मी नेत नाही. ते पंधरा पळं आधी बुडतं, आणि मला दर वेळी तितकाच अभिमान वाटतो. ती पंधरा पळं कुठे खर्च झाली ते मला ठाऊक आहे. मथूला आता दोन मुलं आहेत.